साखर कारखान्यांच्या वीजगृहातील विद्युत अभियांत्रिकीच्या व्यावहारिक समस्या : वालचंदनगर–बारामती परिसराच्या संदर्भात

सारांश

साखर कारखान्यातील सहवीजनिर्मिती प्रकल्प हा औद्योगिक वीजगृहाचा वैशिष्ट्यपूर्ण प्रकार आहे. तेथे एकच टर्बाइन कारखान्याला वाफ पुरविते, वीज पुरविते आणि उरलेली वीज ग्रीडला देते. या तीन जबाबदाऱ्या परस्परांशी जोडल्या गेल्यामुळे तेथील विद्युत समस्या क्वचितच निव्वळ विद्युत स्वरूपाच्या असतात. प्रस्तुत लेखात इंदापूर व बारामती तालुक्यांतील साखर उद्योगाच्या पार्श्वभूमीवर ग्रीडपासून अलग होणे, लघुमंडल क्षमता, अर्थिंग, विद्युतदाब नियंत्रण, हार्मोनिक्स व बंद हंगामातील देखभाल या समस्यांचे स्पष्टीकरण केले आहे. उदाहरणादाखल केलेली आकडेमोड एका काल्पनिक कारखान्याची असून ती कोणत्याही विशिष्ट प्रकल्पाची नाही.

महत्त्वाच्या संज्ञा : सहवीजनिर्मिती, बगॅस, ग्रीड, आयलंडिंग, लघुमंडल, न्यूट्रल अर्थिंग, हार्मोनिक्स.

१. प्रस्तावना

नीरा डाव्या कालव्याने इंदापूर व बारामती तालुक्यांच्या अवर्षणप्रवण भूमीचे रूप पालटले. या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसाच्या मागोमाग कारखाने आले. शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर उभारलेली औद्योगिक वसाहत आज वालचंदनगर या नावाने ओळखली जाते. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाल्यानंतर देशात जी साखर कारखानदारी वाढली, तिच्या आरंभीच्या केंद्रांत वालचंदनगरची गणना होते. पुढे येथे केवळ साखरच नव्हे, तर साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, बॉयलर आणि गिअरबॉक्सही तयार होऊ लागले. त्यामुळे वाफ आणि वीज यांच्या नात्याचा विचार करावयास या गावाइतके उचित स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

१९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखानदारीचा प्रारंभ झाल्यावर ही चळवळ नीरा खोऱ्यातही रुजली. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही नावे आज ऊस उत्पादकांच्या रोजच्या बोलण्यातील आहेत. विद्युत कायदा, २००३ मुळे उद्योगांच्या स्वतःच्या वीजनिर्मितीस अधिक मोकळीक मिळाली. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण या स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या. याच सुमारास राज्यातील अनेक साखर कारखान्यांनी जुन्या कमी दाबाच्या बॉयलरऐवजी उच्च दाबाचे बॉयलर बसवून वीज विकण्याचा मार्ग स्वीकारला.

या बदलाची आर्थिक बाजू पुष्कळ चर्चिली गेली आहे. तांत्रिक बाजूची चर्चा मात्र बहुधा यंत्रे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांपुरतीच राहते. वास्तविक वीजगृहातील एखादा रिले चुकीच्या क्षणी चालला, तर त्याचा परिणाम गव्हाणीपर्यंत आणि तेथून थेट शेतकऱ्याच्या हिशोबापर्यंत पोहोचतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातील साखरेचे विघटन सुरू होते व उतारा घटतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याशी निगडित असल्यामुळे हे नुकसान एकट्या कारखान्याचे राहत नाही. म्हणूनच हा विषय विद्युत शाखेच्या प्राध्यापकांइतकाच अर्थशास्त्र, वाणिज्य व ग्रामीण विकास यांच्या अभ्यासकांनाही ज्ञात असणे अगत्याचे आहे.

२. वाफ आणि वीज यांचे परस्परावलंबन

सहवीजनिर्मितीचे तत्त्व साधे आहे. ऊस पिळल्यावर उरणारे चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून वाफ तयार केली जाते. ती वाफ टर्बाइनमधून जाताना वीज निर्माण करते आणि दाब कमी झालेली वाफ रस तापविणे, आटविणे व पॅनमध्ये साखर शिजविणे यांसाठी वापरली जाते. औष्णिक वीजकेंद्रात वाफेतील बरीच उष्णता शीतक पाण्याबरोबर वाया जाते. साखर कारखान्यात तीच उष्णता कामी येते.

दररोज ५,००० टन गाळप करणाऱ्या एका काल्पनिक कारखान्याचे उदाहरण घेतल्यास आकड्यांचे प्रमाण लक्षात येईल. ताशी सुमारे २०८ टन ऊस गाळला, तर २८ ते ३० टक्के या प्रमाणात ताशी सुमारे ६० टन बगॅस मिळते. त्यात निम्मे पाणी असते. एक टन बगॅसपासून सुमारे सव्वादोन टन वाफ धरली, तर ताशी १३० टनांहून अधिक वाफ उपलब्ध होते. उसाच्या वजनाच्या ४२ टक्के वाफ प्रक्रियेस लागते असे मानल्यास ताशी सुमारे ८७ टन वाफ तिकडे जाते आणि उर्वरित वाफ कंडेन्सरपर्यंत नेता येते. अशा प्रकल्पात २५ मेगावॅटचे जनित्र बसविणे शक्य होते. त्यातील सुमारे ९ मेगावॅट कारखान्यास व वीजगृहाच्या साहाय्यक यंत्रांस लागतात आणि १६ मेगावॅट ग्रीडला देता येतात.

या हिशोबात एक गोष्ट गृहीत आहे. ऊस, बगॅस, वाफ आणि वीज हे चारही प्रवाह एकाच वेळी सुरळीत चालले पाहिजेत. मिल थांबली की बगॅस थांबते, पॅन भरले की वाफेची मागणी घटते, आणि ग्रीड गेले की विजेचे दोन-तृतीयांश गिऱ्हाईक एका क्षणात नाहीसे होते. वीजगृहातील बहुतेक कठीण प्रसंग या प्रवाहांच्या सांध्यांवर उद्भवतात.

३. ग्रीड अकस्मात जाते तेव्हा

वरील उदाहरणातील जनित्र २५ मेगावॅटवर चालू असताना ग्रीडचा ब्रेकर उघडला असे मानू या. टर्बाइनमध्ये येणारी वाफ अद्याप २५ मेगावॅटची आहे, परंतु भार केवळ ९ मेगावॅट उरला आहे. उरलेल्या १६ मेगावॅटची ऊर्जा रोटरची गती वाढविण्यात खर्ची पडते. जनित्राची क्षमता ३१.२५ एमव्हीए आणि त्याचा जडत्वांक ३ सेकंद धरल्यास वारंवारता प्रारंभी सेकंदाला सुमारे ४.३ हर्ट्झ या वेगाने वाढू लागते. अतिवेगापासून संरक्षण करणारी यंत्रणा सामान्यतः निर्धारित वेगाच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे ५५ हर्ट्झला, टर्बाइन बंद करते. याचा अर्थ असा की गव्हर्नरने वाफेची झडप आवळली नाही, तर सव्वा सेकंदाच्या आत टर्बाइन थांबविले जाईल आणि संपूर्ण कारखाना अंधारात जाईल.

गव्हर्नर तत्पर असला तरी प्रश्न संपत नाही. टर्बाइनमधील वाफेचा प्रवाह एकदम घटला की प्रक्रियेकडे जाणारी वाफही घटते. ती तूट भरून काढण्यासाठी उच्च दाबाची वाफ दाब व तापमान कमी करणाऱ्या केंद्रामार्फत थेट प्रक्रियेकडे वळवावी लागते. ही झडप मंद असेल, तर बॉयलरमधील दाब चढतो, सुरक्षा झडपा उघडतात आणि ड्रममधील पाण्याची पातळी वरखाली होते. पातळी मर्यादेबाहेर गेली की बॉयलर बंद होतो, आणि विद्युत दृष्टीने यशस्वी झालेले अलगीकरण वाफेच्या बाजूने अयशस्वी ठरते. म्हणून ग्रीडपासून अलग होण्याच्या या क्रियेची, जिला प्रचारात आयलंडिंग म्हणतात, चाचणी केवळ रिलेच्या पातळीवर करून भागत नाही.

दुसरी व्यावहारिक बाब म्हणजे नेमका कोणता ब्रेकर प्रथम उघडावा, ही होय. ग्रीडवरील दोषात ग्रीडशी जोडणारा ब्रेकर उघडला, तर जनित्र आणि कारखाना एकत्र राहतात. त्याऐवजी जनित्राचा ब्रेकर आधी उघडला, तर जनित्र सुरक्षित राहते पण कारखान्याचा पुरवठा खंडित होतो. दोन्ही ठिकाणच्या रिलेंच्या वेळा योग्य अंतराने लावल्या नसतील, तर दुसरी घटना वारंवार घडते. नवे जनित्र आणि ग्रीडजोडणी यांची कामे वेगवेगळ्या कंत्राटदारांनी केलेली असतात आणि प्रत्येकाने आपापल्या यंत्राचे रक्षण पाहिलेले असते. समन्वय करणे हे कोणाचेच काम नसते.

हा प्रश्न केवळ लहान प्रकल्पांचा नाही. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतासह देशाच्या मोठ्या भागात ग्रीड कोसळले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा शहराला ग्रीडपासून वेगळे काढून सुरू ठेवणारी व्यवस्था अपेक्षेप्रमाणे टिकू शकली नाही. अलग झालेल्या बेटात निर्मिती आणि भार यांचा मेळ काही सेकंदांत बसला नाही, तर ते बेट बुडते. हा नियम महानगरास आणि साखर कारखान्यास सारखाच लागू आहे.

४. नकळत तयार होणारे बेट

ग्रीड जाण्याचा दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. दूरच्या उपकेंद्रातील ब्रेकर उघडतो, परंतु कारखान्याचा ब्रेकर बंदच राहतो. अशा वेळी मधल्या वाहिनीवरील गावे व कृषिपंप यांचा भार एकट्या जनित्रावर येऊन पडतो. हा भार ३० मेगावॅट असेल आणि जनित्र केवळ १६ मेगावॅट देत असेल, तर १४ मेगावॅटची तूट निर्माण होते. वारंवारता सेकंदाला सुमारे ३.७ हर्ट्झ या वेगाने घसरते व अर्ध्या सेकंदाच्या सुमारास ४८ हर्ट्झला पोहोचते. अशा प्रसंगी वारंवारतेच्या बदलाचा वेग मोजणारा रिले आणि न्यून-वारंवारता रिले तत्काळ कार्य करतात व कारखाना वेगळा होतो.

परंतु वाहिनीवरील भार योगायोगाने १६ मेगावॅटच्या जवळपास असेल, तर वारंवारता व विद्युतदाब यांत लक्षणीय बदल होत नाही आणि रिलेला काहीच जाणवत नाही. ग्रीडपासून तुटलेली वाहिनी कारखान्याच्या जनित्रावर जिवंत राहते. येथे दोन धोके संभवतात. पहिला धोका वायरमनच्या जिवाचा आहे. उपकेंद्रातून पुरवठा बंद झाला या समजुतीने तो खांबावर चढतो, आणि तार मात्र उलट्या दिशेने भारित असते. दुसरा धोका यंत्राचा आहे. दूरचा ब्रेकर पुन्हा आपोआप जोडला गेला आणि त्या क्षणी दोन्ही बाजूंच्या कला जुळत नसल्या, तर जनित्राच्या शाफ्टवर प्रचंड आघात होतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही टोकांच्या ब्रेकरमध्ये संदेशवाहक दुवा ठेवणे. उपकेंद्रातील ब्रेकर उघडताच कारखान्याचा ब्रेकरही उघडावा, आणि वाहिनी मृत असल्याची खात्री झाल्याखेरीज ती पुन्हा भारित होऊ नये. वायरमनच्या बाबतीत मात्र कोणत्याही रिलेवर विसंबून चालत नाही. दोन्ही टोकांकडून लेखी परवाना आणि कामाच्या जागी तारा अर्थ करणे, हा जुना नियमच त्याचे प्राण वाचवितो.

रिलेची संवेदनशीलता ठरविताना आणखी एक द्विधा उभी राहते. रिले फार संवेदनशील ठेवला, तर दूरच्या प्रत्येक किरकोळ दोषाला कारखाना अलग होतो. तो फार सैल ठेवला, तर ग्रीडबरोबर कारखानाही खाली खेचला जातो. २००० च्या दशकात ग्रीड संहितेनुसार वारंवारतेची कक्षा ४९.० ते ५०.५ हर्ट्झ होती. ती पुढे टप्प्याटप्प्याने आवळत ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झपर्यंत आणण्यात आली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या ग्रीडजोडणीविषयक मानकांनुसार जनित्राची ४७.५ ते ५२ हर्ट्झ या कक्षेत चालण्याची क्षमता अपेक्षित आहे. प्रकल्प उभारताना लावलेली मूल्ये तपासून न पाहता वर्षानुवर्षे तशीच ठेवणे त्यामुळे समर्थनीय ठरत नाही.

५. वाढलेली लघुमंडल पातळी

जुन्या कारखान्यात नवे जनित्र आणि नवे रोहित्र जोडताना जुने स्विचगिअर पुष्कळदा तसेच ठेवले जाते. दैनंदिन भार वाहण्यास ते पुरेसे असते, परंतु दोषाच्या वेळचा प्रवाह तोडण्यास ते समर्थ असतेच असे नाही.

३१.२५ एमव्हीए जनित्राची उपक्षणिक प्रतिक्रियता १५ टक्के असल्यास ते दोषस्थानी सुमारे २०८ एमव्हीए, म्हणजे ११ किलोव्होल्टवर जवळपास १०.९ किलोॲम्पिअर, प्रवाह पुरविते. ३० एमव्हीए क्षमतेचे व १२.५ टक्के अवरोधाचे रोहित्र, ग्रीडचा स्वतःचा अवरोध नगण्य धरल्यास, २४० एमव्हीए, म्हणजे सुमारे १२.६ किलोॲम्पिअर, देते. दोहोंची बेरीज २३.५ किलोॲम्पिअर होते. जुन्या ११ किलोव्होल्ट पॅनेलची तोडक्षमता ३५० एमव्हीए, म्हणजे सुमारे १८.४ किलोॲम्पिअर, असेल तर मोठ्या दोषाच्या वेळी ब्रेकर प्रवाह तोडण्याऐवजी स्वतःच फुटण्याची शक्यता असते. पॅनेलसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ फार गंभीर आहे.

मोठ्या मोटारीही दोषाच्या पहिल्या काही आवर्तनांत प्रवाह पुरवितात, ही भर वेगळीच. म्हणून विस्तारीकरणाच्या प्रत्येक टप्प्यावर लघुमंडल अभ्यास नव्याने करणे, गरजेनुसार रिॲक्टर बसविणे, बसबार विभागून चालविणे किंवा स्विचगिअर बदलणे, यांपैकी एक मार्ग स्वीकारावाच लागतो.

६. न्यूट्रलच्या अर्थिंगचा प्रश्न

विद्युत यंत्रणेतील बहुसंख्य दोषांचा प्रारंभ एका फेजचा जमिनीशी संपर्क होऊन होतो. अशा दोषाचा प्रवाह किती असावा, हे न्यूट्रल कसा अर्थ केला आहे यावर अवलंबून असते. ११ किलोव्होल्ट यंत्रणेत फेज व न्यूट्रल यांमधील विद्युतदाब ६,३५० व्होल्ट असतो. सुमारे १६ ओहमचा रोध जोडला तर दोषप्रवाह ४०० ॲम्पिअर होतो, ६३५ ओहमचा जोडला तर तो १० ॲम्पिअरवर येतो. प्रवाह अधिक असल्यास रिले निश्चितपणे चालतो, पण जनित्राच्या गाभ्याच्या पत्र्यांना इजा होते. प्रवाह अत्यल्प असल्यास गाभा वाचतो, परंतु दोष शोधण्यासाठी अधिक संवेदनशील यंत्रणा लागते.

साखर कारखान्यात ही निवड अधिक गुंतागुंतीची होते, कारण एकाच बसवर कधी एक, कधी दोन जनित्रे, तर कधी केवळ ग्रीड असते. प्रत्येक जनित्राचा न्यूट्रल स्वतंत्रपणे अर्थ केला, तर दोषप्रवाहांची बेरीज होते आणि न्यूट्रलमधून तिसऱ्या हार्मोनिकचा प्रवाह फिरू लागतो. एकाच जनित्राचा न्यूट्रल अर्थ केला आणि नेमके तेच जनित्र बंद पडले, तर संपूर्ण यंत्रणा अर्थविना राहते. बंद हंगामात कारखाना ग्रीडवरून वीज घेतो, तेव्हाही असेच घडते. रोहित्राची ११ किलोव्होल्ट बाजू डेल्टा पद्धतीची असल्यास तेथे न्यूट्रलच उपलब्ध नसतो. अशा स्थितीत एक फेज जमिनीला टेकला तरी रिले चालत नाही, उरलेल्या दोन फेजचा जमिनीशी दाब ६.३५ वरून ११ किलोव्होल्टपर्यंत चढतो आणि ठिणग्यांसह येणारा दोष असल्यास त्याहूनही वर जातो. केबल व मोटारींचे इन्सुलेशन मग एकापाठोपाठ एक निकामी होऊ लागते. यावर बसवर स्वतंत्र अर्थिंग रोहित्र बसविणे हा सर्व परिस्थितींत टिकणारा उपाय आहे.

७. विद्युतदाब, उत्तेजन आणि कृषिपंपांचा भार

या परिसरातील वाहिन्यांवर कृषिपंपांचा भार मोठा आहे. कृषिवाहिन्यांना थ्री-फेज पुरवठा पाळीपाळीने मिळत असल्यामुळे हा भार एकदम चढतो व एकदम उतरतो. पंप सुरू असताना वाहिनीचा विद्युतदाब खचतो आणि जनित्राकडून अधिक प्रतिघाती शक्तीची मागणी होते. उत्तेजन वाढून रोटरच्या वेटोळ्यांचे तापमान चढते. पंप बंद होताच विद्युतदाब वाढतो व जनित्र न्यून-उत्तेजित अवस्थेत जाते. ही अवस्था मर्यादेपलीकडे गेली, तर जनित्र ग्रीडशी असलेला समकालिक मेळ गमावते. कृषिवाहिन्यांच्या सौरऊर्जीकरणासाठी महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविली जात आहे. सौर प्रकल्पांमुळे दुपारच्या वेळी वाहिनीवरील शक्तिप्रवाहाची दिशाच बदलू शकते, याचीही आता नोंद घ्यावी लागते.

ग्रीडला जोडलेले असताना जनित्राचा विद्युतदाब नियंत्रक सामान्यतः शक्तिगुणक स्थिर ठेवण्याच्या पद्धतीवर चालविला जातो. ग्रीडपासून अलग होताच मात्र विद्युतदाब ठरविणारे दुसरे कोणीच उरत नाही. त्या क्षणी नियंत्रकाने आपोआप विद्युतदाब-नियंत्रण पद्धतीवर आणि गव्हर्नरने वेग-नियंत्रण पद्धतीवर गेले पाहिजे. हा बदल ग्रीड ब्रेकरच्या साहाय्यक संपर्कावरून घडतो. कागदावर क्षुल्लक दिसणारी ही एक तार सैल असली, तर लाखो रुपये खर्चून बसविलेली अलगीकरण योजना निष्फळ ठरते.

८. ड्राइव्ह, कपॅसिटर आणि हार्मोनिक्स

पूर्वी मिल वाफेच्या लहान टर्बाइनवर चालत. वाफेची बचत व्हावी म्हणून त्यांच्या जागी आता वेग बदलता येणाऱ्या ड्राइव्हवरील विजेच्या मोटारी आल्या आहेत. बॉयलरचे पंखे, पंप व सेंट्रिफ्युगल मशीन यांवरही ड्राइव्ह बसविले जातात. सहा-स्पंदी ड्राइव्ह पाचव्या व सातव्या क्रमाचे हार्मोनिक प्रवाह निर्माण करतात. बारा-स्पंदी रचनेत ते मोठ्या प्रमाणात नाहीसे होऊन अकराव्या व तेराव्या क्रमाचे उरतात.

शक्तिगुणक सुधारण्यासाठी लावलेले कपॅसिटर येथे अनपेक्षितपणे अडचणीचे ठरू शकतात. २ एमव्हीए क्षमतेच्या व ६.२५ टक्के अवरोधाच्या रोहित्राच्या ४१५ व्होल्ट बाजूस लघुमंडल पातळी सुमारे ३२ एमव्हीए असते. तेथे ६५० केव्हीएआर कपॅसिटर जोडले, तर ३२ भागिले ०.६५ यांचे वर्गमूळ सातच्या जवळ येते. म्हणजे सातव्या हार्मोनिकला अनुनाद होतो, कपॅसिटर तापतात, फ्यूज उडतात आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. अनुनाद टाळणारे रिॲक्टर कपॅसिटरला जोडणे हा यावरील प्रचलित उपाय आहे. कारखाना ग्रीडपासून अलग झाल्यावर स्रोताचा अवरोध वाढतो. त्यामुळे ग्रीडवर असताना सुसह्य वाटणारी विकृती बेटावर असताना असह्य होऊ शकते. म्हणून हार्मोनिक मापन दोन्ही अवस्थांत करणे आवश्यक आहे.

९. बंद हंगाम : दुर्लक्षित काळ

महाराष्ट्रातील गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा चालतो. त्यानंतर अनेक महिने वीजगृह थंड असते. औष्णिक केंद्रापेक्षा साखर कारखान्याचा हा मोठा वेगळेपणा होय. हंगामात पॅनेल, केबल ट्रे व मोटारींवर साचलेली बगॅसची बारीक धूळ पावसाळ्यात ओलावा धरून ठेवते. मोटारी व जनित्रातील हीटर बंद ठेवले गेल्यास वेटोळ्यांचे इन्सुलेशन ओले होते. मोकळ्या राहिलेल्या केबल छिद्रांतून उंदीर, पाली व साप पॅनेलमध्ये शिरतात. बॉयलर अग्निप्रदीपन व मोळीपूजनाच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. इन्सुलेशनची चाचणी मग शेवटच्या आठवड्यात उरकली जाते.

सर्वाधिक उपेक्षा होते ती बॅटरीची. ब्रेकर उघडणे, रिले चालणे आणि टर्बाइनचा आपत्कालीन तेलपंप सुरू होणे, ही सारी कामे बॅटरीच्या एकदिश प्रवाहावर होतात. संपूर्ण वीज गेल्यावरही टर्बाइनचा रोटर बराच वेळ फिरत राहतो आणि त्या काळात बेअरिंगला तेल मिळाले नाही, तर बेअरिंग वितळते. बॅटरीचा विद्युतदाब मोजून ती ठीक असल्याचा शेरा मारणे पुरेसे नाही. प्रत्यक्ष भार देऊन ती किती वेळ टिकते हे पाहणे हीच खरी चाचणी आहे.

१०. उपाययोजना आणि अभ्यासक्रम

वरील विवेचनावरून उपायांची दिशा स्पष्ट होते. पहिला उपाय संपूर्ण प्रकल्पाचा एकच अद्ययावत एकरेषीय आराखडा आणि सर्व रिलेंच्या मूल्यांची एकच नोंदवही ठेवणे हा होय. दुसरा उपाय प्राधान्यक्रमानुसार भारकपातीचा आहे. बॉयलरचे पाणीपंप व पंखे शेवटपर्यंत चालू राहतील आणि तुलनेने कमी निकडीचे भार आधी सुटतील, अशी क्रमवारी उत्पादन विभागाच्या संमतीने हंगामापूर्वी ठरवावी. तिसरा उपाय म्हणजे हंगामाच्या प्रारंभी, ग्रीड यंत्रणेच्या पूर्वपरवानगीने, अल्प निर्यातीवर प्रत्यक्ष अलगीकरणाची चाचणी घेणे. चौथा उपाय घटनेनंतरच्या विश्लेषणाचा आहे. आधुनिक रिलेमध्ये घटनांची नोंद मिलिसेकंदांसह राहते. दोषानंतर ती न वाचताच रिले पूर्ववत करून जनित्र सुरू करण्याची घाई टाळली पाहिजे.

या उपायांपैकी बॅटरीची चाचणी, नोंदवही, भारकपातीची क्रमवारी व घटनांचे वाचन यांस फारसे भांडवल लागत नाही. लागतो तो विद्युत, बॉयलर व उत्पादन या तीन विभागांचा एकत्र बसून केलेला विचार. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात जनित्र, संरक्षण आणि उष्मागतिकी हे विषय स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत विभागलेले असतात. प्रत्यक्ष वीजगृहात मात्र ते एकाच सेकंदात एकत्र येतात. बारामती, इंदापूर परिसरातील अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन संस्थांना सहवीजनिर्मिती प्रकल्प हाकेच्या अंतरावर उपलब्ध आहेत. पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी साखर तंत्रज्ञानास वाहिलेली संस्थाही दूर नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यासाठी एखाद्या कारखान्याचा लघुमंडल अभ्यास, हार्मोनिक मापन किंवा भारकपातीचे प्रतिमान हे विषय निवडल्यास त्याचा लाभ कारखाना व महाविद्यालय या दोहोंस होईल.

११. समारोप

साखर कारखान्यातील वीजगृहाच्या समस्या यंत्रांच्या निकृष्टतेपेक्षा यंत्रांमधील असमन्वयातून अधिक निर्माण होतात. जनित्र उत्तम असते, बॉयलर उत्तम असतो, ग्रीडजोडणीही नियमानुसार असते. परंतु जनित्राचा गव्हर्नर, वाफेची झडप, ग्रीडचा रिले आणि जुने पॅनेल यांचा एकत्रित विचार झालेला नसतो. ग्रीड जाण्याच्या त्या एका सेकंदात कोणी निर्णय घेऊ शकत नाही. त्या सेकंदाचा निर्णय कित्येक महिने आधी, बंद हंगामात, आराखड्यावर घेऊन ठेवावा लागतो. तो योग्य घेतला गेला, तर बाहेर अंधार असतानाही मिल फिरत राहते, गव्हाणीत ऊस पडत राहतो, अड्ड्यावर रांगेत उभ्या असलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर पुढे सरकतात आणि खांबावर चढलेला वायरमन सुखरूप खाली उतरतो. सहवीजनिर्मितीचे यश विकलेल्या युनिटांबरोबरच या कसोटीवरही मोजले जाणे आवश्यक आहे.